केटी झाली, सही करा

२००६ सालच्या हिवाळ्यात मी अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या एका विमा कंपनीत दहा आठवडे बसलो होतो. शेजारच्या खुर्चीत अठ्ठावन्न वर्षांचे एक गृहस्थ असत. मेनफ्रेम म्हणजे कंपनीचा मोठा मध्यवर्ती संगणक; त्यावरची कोबॉल या जुन्या भाषेतली कामं ते सत्तावीस वर्षं सांभाळत होते. ती त्यांच्याकडून शिकून घ्यायची आणि पुण्याला घेऊन यायची, एवढ्यासाठीच मला पाठवलं होतं. आमच्या धंद्यात याला केटी म्हणतात, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. नाव भारदस्त आहे. प्रत्यक्षात एक जण बोलतो, दुसरा वहीत उतरवून घेतो, आणि बोलणारा थोड्याच दिवसांत घरी बसणार हे दोघांनाही ठाऊक असतं.

रात्री संगणक ओळीनं जी कामं आपोआप उरकतो त्या बॅचमध्ये एक जॉब असा होता, की महिनाअखेर सुट्टीच्या दिवशी आली की तो हमखास अडकायचा. कारण कुठल्याही कागदपत्रात नव्हतं. १९८०च्या दशकात कुणीतरी सुट्ट्यांचा तक्ता थेट प्रोग्रॅममध्येच घालून ठेवला होता, आणि दर डिसेंबरात पुढच्या वर्षाच्या तारखा त्यात हातानं भराव्या लागत. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मला हे सांगितलं. सांगितलं नसतं तरी त्यांचं काही बिघडणार नव्हतं. बिघडलं असतं ते आमचं, तेही ते निघून गेल्यावर, पहाटे तीन वाजता. तरी त्यांनी सांगितलं, आणि तक्ता कसा भरायचा तेही करून दाखवलं.

शेवटच्या दिवशी एक फॉर्म आला. त्यावर चाळीसेक मुद्दे, प्रत्येकापुढे चौकट, आणि खाली दोन सह्या. शिकवणाऱ्यानं शिकवलं म्हणून एक, शिकणाऱ्यानं समजलं म्हणून दुसरी. माझी सही झाल्याशिवाय त्यांना सेव्हरन्सचे, म्हणजे नोकरीवरून कमी करताना मिळायचे, पैसे मिळणार नव्हते. हे मला त्यांनीच सांगितलं, अगदी सहज, पार्किंग कुठे करायचं ते सांगावं तसं. मी तेव्हा तीस वर्षांचाही नव्हतो. सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा केल्या आणि सही ठोकली.

हे आता आठवायचं कारण म्हणजे सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेनं परदेशी कुशल माणसांना नोकरीसाठी मिळणाऱ्या नव्या एच-वन-बी व्हिसावर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं. तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या कट्ट्यापासून कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपपर्यंत एकच वाद चालू आहे. अमेरिकन म्हणतात, भारतीयांनी आमच्या नोकऱ्या पळवल्या. आपले लोक म्हणतात, आमच्यात गुणवत्ता आहे, तुमच्यात नाही, म्हणून पळवल्या. त्याच महिन्यात अमेरिकी सिनेटर बर्नी मोरेनो यांनी परदेशी काम देणाऱ्या कंपन्यांवर २५ टक्के कर लावणारं विधेयक मांडलं आणि वादाला आणखी ऊत आला. दोन्ही बाजूंचं ऐकताना मला सारखा तो फॉर्म दिसतो. या भांडणात दोन नोकरदार एकमेकांच्या अंगावर धावून जाताहेत, आणि ज्यानं तो फॉर्म छापला तो बाजूला उभा राहून बघतोय.

अर्थात, बाहेरचे येऊन आमच्या नोकऱ्या घेतात हे वाक्य मराठी माणसाला कुणी शिकवायला नको. १९६६नंतरच्या मुंबईत या एका वाक्यावर एक अख्खा पक्ष उभा राहिला. त्या पक्षाच्या सभांना गेलेल्यांची नातवंडं आज न्यू जर्सीत गणपती बसवतात आणि तेच वाक्य तिथे स्वतःविषयी ऐकतात. असो.

काम देशाबाहेर कसं जातं, ते आधी नीट पाहू. आपल्याकडे ही गोष्ट सांगताना टाटा कन्सल्टन्सीपासून (१९६८) सुरुवात करतात, मग इन्फोसिस. ती १९८१मध्ये पुण्यात निघाली आणि दोनच वर्षांत बंगळुरूला गेली. हे पुणेकरांना अजून बोचतं. पण मागणीची बाजू पाहायची तर गोष्ट जनरल इलेक्ट्रिकपासून सांगावी लागते. तिचे प्रमुख जॅक वेल्च १९८९मध्ये भारतात आले आणि पुढच्या काही वर्षांत त्यांच्या कंपनीत ७०-७०-७० असं सूत्र रूढ झालं. ७० टक्के काम बाहेर द्यायचं, त्यातलं ७० टक्के परदेशी द्यायचं, आणि त्यातलं ७० टक्के भारताला. याच वेल्च साहेबांचा दुसरा विचार असा, की खरं तर प्रत्येक कारखाना तराफ्यावर असायला हवा, म्हणजे चलन आणि अर्थव्यवस्था फिरेल तसा तो हलवता येईल. लोखंड आणि भट्ट्यांच्या कारखान्याला ते जमलं नाही. सॉफ्टवेअरला तराफ्याची गरजच पडली नाही. १९८५मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं बंगळुरूत केंद्र काढून उपग्रहावरून काम परत पाठवून दाखवलं, आणि अंतराचा प्रश्न तिथेच मिटला. राहिला तो फक्त दराचा.

आयबीएमचं उदाहरण तर शाळेत शिकवावं असं आहे. परकीय चलनाच्या फेरा कायद्यानं परदेशी मालकीवर मर्यादा घातली म्हणून ही कंपनी १९७८मध्ये भारत सोडून गेली. १९९२मध्ये टाटांना सोबत घेऊन परतली. २०१७पर्यंत तिची भारतातली माणसं सुमारे एक लाख तीस हजार झाली होती, अमेरिकेतल्यापेक्षाही जास्त. मधल्या काळातली, २००९ची एक योजना फारशी कुणाला आठवत नाही. तिचं नाव प्रोजेक्ट मॅच. अमेरिकेत कमी केलेल्या कर्मचाऱ्यांना कंपनीनं सुचवलं, की तुम्हाला भारत, ब्राझील, चीन अशा देशांत जाऊन काम करायचं असेल तर आम्ही जागा शोधून देतो, व्हिसालाही मदत करतो. फक्त पगार आणि अटी तिथल्या स्थानिक असतील. तेव्हा अमेरिकेत लोकांनी याची थट्टा केली. मला ही योजना फार प्रामाणिक वाटते. नोकरीचं राष्ट्रीयत्व, गुणवत्ता, संस्कृती ही सगळी बडबड बाजूला ठेवून कंपनीनं सरळ सांगून टाकलं होतं: माणूस तोच चालेल, दर तिथला हवा.

आता गुणवत्तेकडे येऊ, कारण आपला अभिमान तिथेच गुंतलेला असतो. आपली मुलं हुशार आहेत, इंग्रजी बोलतात, रात्री जागतात, हे सगळं खरं. पण एक साधा हिशेब करून पाहा. २०१०च्या सुमारास मोठ्या भारतीय आयटी कंपन्या नव्या इंजिनिअरला वर्षाला सव्वातीन लाखांच्या आसपास देत. डॉलर तेव्हा ४६ रुपयांना होता. म्हणजे एक फ्रेशर वर्षाला सात हजार डॉलरला पडायचा. आज, पंधरा वर्षांनी, तेच पॅकेज फार तर साडेतीन लाखांच्या घरात आहे, आणि २०२५ संपताना डॉलर नव्वदीला पोचला होता. भागाकार केला तर चार हजार डॉलरसुद्धा होत नाहीत. या पंधरा वर्षांत वाकडमधलं वन-बीएचकेचं भाडं कुठे गेलं, इंजिनिअरिंगची फी कुठे गेली, हे वाचकांना मी सांगायला नको. परदेशी गिऱ्हाइकासाठी मात्र आपला मुलगा जवळजवळ निम्म्यावर आला. याला गुणवत्तेची किंमत म्हणायचं असेल तर म्हणा. आमच्या मंडईत भाव निम्म्यावर आला की त्याला माल पडून राहिला म्हणतात.

माल पडून राहिला हे अगदी खोटंही नाही. दर वर्षी राज्यातल्या कॉलेजांतून इतके इंजिनिअर बाहेर पडतात, की साडेतीन लाखांत यायला तयार असणारा कुणी ना कुणी सापडतोच. कंपनीला त्यात दयामाया दाखवायचं कारण नाही. पण मग निदान आपण तरी आरती ओवाळायचं थांबवावं.

आता दुसरा हिशेब, जो कुणी मांडत नाही कारण तो कंटाळवाणा आहे. परदेशी कंपन्या हल्ली भारतीय कंपन्यांना काम देण्यापेक्षा स्वतःचीच केंद्रं इथे काढतात. त्यांना जीसीसी म्हणतात, ग्लोबल कपॅबिलिटी सेंटर. २०२४च्या सुमारास भारतात अशी १,७००हून अधिक केंद्रं होती, त्यांत १९ लाखांच्या आसपास माणसं, आणि वर्षाची उलाढाल साधारण ६५ अब्ज डॉलर. बाणेर-बालेवाडीत, खराडीत, हिंजवडीत काचेच्या ज्या नव्या इमारती दिसतात त्यांत बऱ्याच ठिकाणी हीच केंद्रं आहेत.

ही उलाढाल येते कुठून? इथलं केंद्र कुणा तिऱ्हाइताला काहीच विकत नाही. ते आपल्याच मूळ कंपनीला बिल लावतं, आणि ते बिल बहुधा एकाच पद्धतीनं बनतं: झालेला खर्च अधिक ठरावीक टक्के नफा. पगार, भाडं, वीज, कॅब, कँटीन मिळून शंभर रुपये खर्च झाले तर बिल एकशे पंधरा-अठरा रुपयांचं. आपल्या प्राप्तिकर खात्यालाही हे मान्य आहे. त्या टक्केवारीच्या आसपास राहिलं की खातं फारशी उलटतपासणी करत नाही. म्हणजे खराडीतल्या मुलीनं लिहिलेल्या कोडमुळे मूळ कंपनीनं जगभरात हजार रुपये कमावले, तरी भारतात नोंदवला जाणारा नफा त्या पंधरा-अठरा रुपयांचा, आणि कर त्यावर. कोडची मालकी पहिल्या दिवसापासून दुसऱ्या देशात असते. बहुतेक वेळा ती त्या अमेरिकन गावातही नसते जिथून काम निघालं; जिथे कर कमी, तिथे असते.

या पैशांची फोड करू. ६५ अब्जांना १९ लाखांनी भागलं तर माणशी वार्षिक ३४ हजार डॉलरच्या आसपास येतात. त्यात त्याचा पगारच काय, टेबल-खुर्ची, साहेबाची केबिन आणि तो पंधरा-अठरा टक्क्यांचा नफाही आला. अमेरिकेत सॉफ्टवेअर डेव्हलपरचा मधला पगार २०२४मध्ये वर्षाला १ लाख ३३ हजार डॉलर होता, नुसता पगार. तुलना अगदी काटेकोर नाही, कारण जीसीसीत हिशेबनीस आणि एचआरवालेही असतात. पण फरक इतका मोठा आहे की काट्यानं मोजायची गरज नाही. माणशी जवळजवळ एक लाख डॉलर मध्येच कुठेतरी राहतात. ते खराडीतल्या मुलीला मिळत नाहीत, ओहायोतल्या म्हाताऱ्याला मिळत नाहीत, महाराष्ट्राच्या तिजोरीत तर येतच नाहीत. मला या विषयावर जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे, की भांडण व्हायला हवं ते या लाखावर.

आमच्या पिढीनं हे भांडण केलं नाही, कारण आम्हाला जे मिळालं तेच डोळे दिपवणारं होतं. माझे वडील कराड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. निवृत्त होताना त्यांचा जो पगार होता, तेवढा मला दुसऱ्या वर्षी मिळाला. बहिणीचं लग्न, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, कोथरूडचा फ्लॅट, हे सगळं त्या अमेरिकन कामातून झालं. त्यामुळे काम बाहेर जाणं हेच मुळात पाप, असं मी म्हणू लागलो तर तो ढोंगीपणा होईल. श्रीमंत देशातलं चांगलं काम गरीब देशात येणं ही जगातल्या बऱ्या गोष्टींपैकी एक आहे. २००४मध्ये अमेरिकी अध्यक्षांचे आर्थिक सल्लागार ग्रेगरी मॅनकिव यांनी, परदेशातून सेवा घेणं हाही व्यापारच आहे आणि लांबच्या पल्ल्यात तो फायद्याचा, असं म्हटलं तर त्यांच्या स्वतःच्या पक्षातलेही त्यांच्यावर तुटून पडले. दुसऱ्या टोकाला अॅलन ब्लाइंडर. स्वतः मुक्त व्यापाराचे पुरस्कर्ते, पण त्यांनी हिशेब मांडला, की अमेरिकेतल्या २२ ते २९ टक्के नोकऱ्या अशा आहेत ज्या कधी ना कधी तारेवरून बाहेर जाऊ शकतात. तेवढ्या गेल्या नाहीत. अमेरिकेत प्रोग्रॅमरांच्या नोकऱ्यांचा दुष्काळ पडला नाही, उलट त्यांचे पगार वाढले. तेव्हा मॅनकिव बरोबर होते, असं मानायला जागा आहे.

मात्र ते बरोबर होते ते देशाच्या सरासरीबाबत. माझ्या शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ सरासरी नव्हते. अठ्ठावन्नाव्या वर्षी कोबॉलवाल्याला त्या गावात दुसरी नोकरी मिळणार कुठे? देशाला फायदा झाला असेल तर त्यातला वाटा या माणसापर्यंत पोचवायची काही व्यवस्था हवी. अमेरिकेत ती कागदावर होती. व्यापारामुळे नोकरी गेलेल्यांना मदत करायची योजना तिथे १९६२पासून होती. ती भीक नव्हती. नवं शिक्षण आणि तोवर घर चालेल एवढा भत्ता. पण २००० नंतर संगणकवाले अर्ज घेऊन गेले तेव्हा तिथल्या कामगार खात्यानं त्यांना परत पाठवलं. कारण काय, तर योजना वस्तू बनवणाऱ्यांसाठी आहे, आणि सॉफ्टवेअर ही वस्तू नाही. डबीत घालून विकलं तर वस्तू, तारेवरून पाठवलं तर नाही! लोक कोर्टात गेले, वर्षानुवर्षं भांडले, तेव्हा २००६मध्ये खात्यानं भूमिका बदलली आणि २००९मध्ये कायद्यात सेवा क्षेत्र आलं. पुढे योजनेची मुदतच संपू दिली. जुलै २०२२पासून नवे अर्ज घेणं बंद आहे. म्हणजे ज्या देशात भारतीयांविरुद्ध एवढी ओरड चालते, त्या देशानं स्वतःच्या माणसासाठी बांधलेली शिडीही काढून घेतली.

ओरड करणाऱ्यांना हे सांगायला हवं, की भिंत माणसाला अडवते, तारेला अडवत नाही. लाख डॉलर भरून माणूस आणणं परवडत नसेल तर कंपनी माणूस आणणार नाही, काम पाठवेल. २०२४मध्ये गूगलनं आपल्या कोअर विभागातली किमान दोनशे माणसं कमी केली आणि त्यातल्या काही जागा भारत आणि मेक्सिकोत भरल्या. व्हिसाचा त्यात संबंधच आला नाही. करांचंही तेच. अमेरिकेच्या कायद्यात परदेशात केलेल्या संशोधनाचा खर्च पंधरा वर्षांत विभागून दाखवावा लागतो, देशातला मात्र २०२५पासून पुन्हा एकदम दाखवता येतो. एवढा भेद करूनही खराडीत नव्या इमारती उठताहेतच, कारण माणशी लाख डॉलरच्या फरकापुढे असले भेद चिल्लर आहेत.

केटीचा तो फॉर्म हा माझ्या एकट्याचा अनुभव नाही. २०१५च्या सुरुवातीला ऑरलँडोत डिस्नेनं संगणक विभागातल्या सुमारे अडीचशे लोकांना घरी पाठवलं. त्यांतल्या अनेकांना आधी व्हिसावर आलेल्या भारतीयांना काम शिकवावं लागलं होतं. ही बातमी तिथे खूप गाजली. काही जण कोर्टातही गेले, पण दावे टिकले नाहीत, कारण यात बेकायदेशीर काहीच नव्हतं. आपल्या जागी येणाऱ्याला शिकवलं तरच सेव्हरन्स, ही अट कायद्यात बसते. माझ्या मते ती बसता कामा नये, तिथेही नाही आणि इथेही नाही. सत्तावीस वर्षांचं ज्ञान कंपनीला हवं असेल तर तिनं ते वेगळे पैसे मोजून विकत घ्यावं. नोकरी गेल्याच्या भरपाईत ते फुकटात वळतं करून घेऊ नये.

इथेही, असं म्हटलं. कारण हे सगळं आता आपल्याकडे आलं आहे, आणि आलं तेव्हा आम्ही ते ओळखलं नाही. आम्ही व्हिएतनाम आणि फिलिपिन्सकडे डोळे लावून बसलो होतो, की काम आता तिकडे जाणार. काम कुठेच गेलं नाही. ते सहाव्या मजल्यावरून चौथ्यावर गेलं. आमच्या धंद्यात पिरॅमिड नावाचा शब्द आहे. गिऱ्हाइकाला प्रत्येक माणसामागे एक सरासरी दर लावलेला असतो; खाली नवी मुलं जितकी जास्त आणि वर अनुभवी जितके कमी, तितका नफा मोठा. बारा-पंधरा वर्षांचा अनुभव झाला की माणूस पिरॅमिडच्या पोटात अडकतो. मग एक दिवस त्याला बेंचवर, म्हणजे कामाविना, बसवतात, मग दुसऱ्या प्रोजेक्टच्या मुलाखती, मग एचआरचं बोलावणं. मी ज्या कंपनीत होतो तिथे माझ्या टीममधल्या चौघांच्या बाबतीत हेच झालं. दोन आठवडे त्यांनी तीन-चार वर्षं अनुभवाच्या मुलांना काम समजावून दिलं. फॉर्म होताच, आता तो ऑनलाइन भरायचा असतो. जुलै २०२५मध्ये टीसीएसनं आपले दोन टक्के, म्हणजे सुमारे बारा हजार लोक कमी करण्याचं जाहीर केलं, तेही मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतले. त्यानंतर कुठे पुण्यातल्या लोकांना हा विषय आपलाही आहे असं वाटू लागलं.

मुंबईकरांना खरं तर हे आधीच दिसायला हवं होतं. गिरण्या संपाने बुडाल्या हे वाक्य आपण इतकं ऐकलंय की त्यातला दुसरा भाग विसरून गेलो. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पण देशात कापड कमी पडलं का? नाही. ते भिवंडीच्या, मालेगावच्या, इचलकरंजीच्या मागांवर विणलं जातच होतं, आणि संपाच्या आधीपासून जात होतं. मागावरच्या कापडावर गिरणीचा शिक्का बसायचा आणि ते गिरणीचं म्हणून विकलं जायचं. भिवंडीच्या मागवाल्याला ना प्रॉव्हिडंट फंड होता, ना आठ तासांची पाळी. तो बारा तास उभा असायचा. म्हणून तो परळच्या कामगाराचा शत्रू होता का? त्या वेळी परळमध्ये तसं म्हणणारे होते. आज मागे वळून पाहताना तसं कुणी म्हणत नाही, कारण नंतर जमिनीचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. दीड लाखांहून अधिक गिरणी कामगारांनी आणि वारसांनी घरांसाठी अर्ज केले, घरं मिळाली ती थोड्यांनाच. आणि लोअर परळच्या त्याच आवारांत आज ज्या कचेऱ्या आहेत, त्यांतल्या कितीतरी परदेशी कंपन्यांचं काम सांभाळतात. संध्याकाळी खाली उतरणारी पोरं ज्या चिमणीजवळ सिगारेट ओढतात ती कशाची, हे त्यांना ठाऊक नसतं. ठाऊक असायला हवं असंही नाही. पोटापाण्याची घाई असते.

गिरणी कामगाराजवळ निदान एक गोष्ट होती: तो कामगार आहे याबद्दल कुणाला शंका नव्हती. आयटीवाल्याचं तेवढंही पक्कं नाही. २१ नोव्हेंबर २०२५पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत कपातीआधी सरकारची परवानगी घ्यायची अट तीनशे कामगारांच्या कारखाने, खाणी आणि मळ्यांपासून पुढे आहे. पूर्वी ती शंभरपासून होती. नोकरी गेलेल्या कामगारासाठी पंधरा दिवसांचा पगार एका निधीत भरायचा, हेही आलं. पण कामगार कोण? देखरेखीचं काम करणारा आणि महिना अठरा हजारांहून जास्त मिळवणारा त्यात बसत नाही. आमच्याकडे पाच वर्षांत प्रत्येक जण टीम लीड होतो. हाताखाली दोन पोरं, काम सगळं स्वतःच्याच हातानं, पण व्हिजिटिंग कार्डावर लीड. पूर्वी आम्ही त्या कार्डासाठी भांडायचो. त्या कार्डानंच आम्हाला कायद्याच्या बाहेर काढलं.

तेव्हा सरकारकडे काय मागायचं, तर भिंत नको. महाराष्ट्रानं २०२५मध्ये जीसीसींसाठी स्वतंत्र धोरण आणलं. केंद्र सरकारनं तर सॉफ्टवेअर पार्कांतल्या निर्यातीच्या नफ्यावर २०११पर्यंत प्राप्तिकरच माफ केला होता. सवलत द्यायला माझी हरकत नाही. पण सवलत देणारा अट घालू शकतो, आणि आपण ती घालत नाही. जागा, वीज, मुद्रांक शुल्क यांत सूट घेणाऱ्यानं कपातीआधी साठ दिवसांची नोटीस द्यावी. अमेरिकेत १९८८च्या कायद्यानं मोठ्या कंपन्यांना तशी द्यावीच लागते; त्यांच्या पुण्यातल्या केंद्रांनी का देऊ नये? पदाचं नाव काहीही असो, सेवेच्या वर्षांप्रमाणे भरपाई द्यावी. आणि खर्च अधिक पंधरा टक्के ही सबब निदान अशा केंद्रांना चालू देऊ नये, जिथे आख्खं उत्पादन इथेच घडतं. कंपन्या निघून जातील असं लगेच कुणी म्हणेल. जातीलही काही. पण माणशी लाख डॉलर वाचत असताना दोन महिन्यांच्या नोटिशीपायी कोण इथून उठतं, ते एकदा बघायला काय हरकत आहे?

गेल्या महिन्यात बहिणीच्या मुलाला ऑफर लेटर आलं. कॅम्पसमध्ये निवड होऊन तेरा महिने झाले होते. तोवर तो घरी बसून कुठकुठले ऑनलाइन कोर्स करत होता. पॅकेज साडेतीन लाखांचं. त्यानं सगळी पानं मला पाठवली आणि फोन केला. मी चष्मा लावून वाचत बसलो. नववं कलम असं: दोन वर्षांच्या आत त्यानं सोडलं तर प्रशिक्षणाच्या खर्चापोटी दीड लाख भरायचे. कंपनीनं काढलं तर एक महिन्याची नोटीस, किंवा त्याऐवजी एक महिन्याचा मूळ पगार. मूळ पगार म्हणजे हातात येतो त्याच्या निम्मा.

“मामा, नववं कलम बघितलंस का?” तो म्हणाला.

“बघितलं.”

“मग? सही करू?”

मागे बहीण काहीतरी बोलत होती. पेढे आणायचे की आधी जॉइन होऊ द्यायचं, असं काहीतरी. मी त्याला म्हटलं, नवव्या कलमाबद्दल एचआरला एक मेल टाक, उत्तर येणार नाही पण टाक. आणि कर सही.